नीळ थोडी जास्त

आई न्यू जर्सीला माझ्याकडे आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. तिचे डोळे मिटत होते आणि ‘आत्ता झोपलीस तर रात्री दोनला टक्क जागी होशील’ म्हणून मी तिला बसतं ठेवायच्या खटपटीत होते. चहा केला, तिनेच डोंबिवलीहून आणलेली खारी बशीत काढली आणि खुर्ची ओढून टँकसमोर ठेवली. गेल्या वर्षीही तिची जागा हीच होती. मासे मोजायचे, एखादा दगडामागे गेला की तो बाहेर येईपर्यंत हातातला घास हातातच ठेवायचा आणि मधूनच ‘‘यांना थंडी नाही का वाजत?’’ असं विचारायचं. यंदा मासे मोजायच्या आधीच ती थांबली. बुडवलेला खारीचा तुकडा चहात विरघळून पडला तरी तिचं लक्ष नव्हतं. ‘‘लाइट बदललेस का गं याचे?’’ ती म्हणाली, ‘‘गेल्या वर्षी केवढं मळकट दिसायचं. आता बघ, कसं निळंशार झालंय.’’

मी ‘‘हो’’ म्हणाले.

लाइट बदलले नव्हते. बदलायला हवेत हे मला सात-आठ महिने माहीत होतं. बदलले नाहीत हेही रोज माहीत असायचं, त्यामुळे त्या ‘हो’ला विसरभोळेपणाची सबब नव्हती. कौतुक आलं की आधी पदरात घ्यायचं, खरं-खोटं मागाहून बघायचं, अशी एक जुनी खोड आहे मला. ती दमलेली होती, मी खूश झाले, विषय संपला. पण रात्री गादीवर पडल्यावर ते ‘हो’ टोचायला लागलं. खोटं बोलल्याचं एवढं काही नाही. आईशी यापेक्षा मोठी खोटी बोलून झालीत. प्रश्न वेगळाच होता. वीस महिने जुन्या ट्यूबांखालचा टँक गेल्या वर्षीपेक्षा निळा दिसेल कसा?

आमच्या मासे-प्रवाळांच्या, खाऱ्या पाण्याच्या पंचाहत्तर गॅलन टँकवर, म्हणजे अदमासे २८४ लिटर पाण्यावर, छताला तारांनी टांगलेली पत्र्याची पेटी आहे. तिच्यात चार टी-फाइव्ह ट्यूबा, प्रत्येकी ५४ वॉटच्या, चार फुटी. तीन निळ्या आणि एक गुलाबीसर पांढरी. टी-फाइव्हमधला पाच म्हणजे इंचाचे पाच-अष्टमांश, ट्यूबचा व्यास. लहानपणी घरी होत्या त्या जाड, दीड इंची, म्हणजे टी-ट्वेल्व्ह. हल्ली बहुतेक जण टँकवर एलईडी लावतात आणि मला अधूनमधून ऐकवतातही. पण ट्यूबचा उजेड चार फुटांत सारखा सांडतो, प्रवाळाच्या फांदीखाली काळी सावली पडत नाही, आणि टँकसमोर बसलं की डिस्कोत बसल्यासारखं वाटत नाही. हट्ट म्हणा हवं तर. हट्टाची किंमत अशी की वर्षाकाठी ट्यूबा बदलाव्या लागतात. नऊ ते बारा महिने हा या छंदातला जुना हिशोब. पेटीत पंखे नीट असले तर कुणी दीड वर्ष काढतात, आणि कंजूष असले तर माझ्यासारखे वीस महिने. चार ट्यूबांना शंभरेक डॉलर लागतात. दर महिन्याला कार्टमध्ये टाकायच्या आणि ‘जळतायत ना अजून?’ म्हणून काढायच्या, असं चाललं होतं.

‘जळतेय ना अजून?’ हे वाक्य माझं नाही, अप्पांचं. गिरगावात आमच्या दीड खोलीत एकच ट्यूब होती आणि ती अप्पांच्या ताब्यात होती. टोकं काळी पडली, संध्याकाळी लावल्यावर पाच-पाच मिनिटं फडफडत राहिली, तरी ट्यूब ‘गेली’ असं जाहीर करायचा अधिकार फक्त त्यांचा. आधी स्टार्टर फिरवायचा. मग स्टार्टर शेजाऱ्यांच्या चांगल्या स्टार्टरशी बदलून बघायचा. मग ट्यूब काढून उलटी लावायची, डावं टोक उजवीकडे. स्टुलावर उभं राहून ते हे सगळं करत आणि खाली आई स्टूल धरून. शेवटी एखाद्या रात्री गणिताचं पुस्तक उघडं असताना ती कायमची विझली की मगच नवी यायची. नवी लावली की घरभर नुसता लखलखाट. भिंतीवरचे तेलाचे डाग दिसायचे, कोळिष्टकं दिसायची, आणि आई म्हणायची, ‘‘अगंबाई, एवढ्या अंधारात राहत होतो आपण?’’ दर वेळी हेच वाक्य, दर वेळी तितक्याच आश्चर्याने.

आणि आमच्याकडे उशिरा कळणाऱ्याला ट्यूबलाइट म्हणतात. त्या रात्री साडेबाराच्या सुमाराला माझीही पेटली. फेब्रुवारीत आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. टँक निळा झाला नव्हता. आईचा डोळा बदलला होता.

सकाळी पोहे खाताना तिला विचारलं तर ती हसायलाच लागली. मग तिने जी हकिकत सांगितली ती मी गेले कित्येक महिने व्हिडिओ कॉलवर बोलूनही ऐकली नव्हती. अप्पांचे पांढरे सदरे-लेंगे ती अजून हाताने धुते आणि शेवटच्या पाण्यात नीळ घालते. दोनेक वर्षं तिला वाटत होतं की पांढऱ्याला पिवळी झाक येतेय. साबण बदलला, मग पाण्याला दोष दिला, मग नीळ वाढवली. एकाचे दोन थेंब, दोनाचे चार. तरी पिवळंच. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दोरीवर वाळणारा सदरा बघितला तर आकाशी. ‘‘चांगला आकाशी गं, शाळेच्या गणवेशासारखा. आणि हा माणूस तो घालून रोज ज्येष्ठ नागरिक संघात जात होता. एका शब्दाने बोलला नाही.’’ अप्पांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, ‘‘मला वाटलं, हल्ली तशी फॅशन असेल तिची.’’

डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि प्रकाशातला निळा-जांभळा भाग आधी गाळून टाकतं. मोतीबिंदूत तर ते चहाच्या रंगाचं होतं. पण हे वर्षानुवर्षं इतकं हळूहळू होतं की मेंदू रोज तेवढंच जमवून घेतो आणि पांढऱ्याला पांढरंच म्हणत राहतो. आईचा डावा डोळा अजून जुनाच आहे. तिला टँकसमोर उभं केलं आणि एकेक डोळा झाकायला लावला. डावा झाकून उजव्याने: ‘‘निळीच्या बादलीसारखं.’’ उजवा झाकून डाव्याने: ‘‘हं. हे गेल्या वर्षीचं. गाळण्यातून बघितल्यासारखं.’’ पुन्हा डावा, पुन्हा उजवा. तिला खेळच झाला. एका नाकाच्या दोन बाजूंना दोन टँक.

माझ्या दोन्ही डोळ्यांना मात्र एकच टँक दिसत होता आणि तो कसा आहे हे मला सांगता येत नव्हतं.

ट्यूबचं म्हातारपण डोळ्यांना दिसत नाही, यात सगळी मेख आहे. आत पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून वीज वाहिली की २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो, जो आपल्याला दिसत नाही. काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर, फॉस्फरवर, तो आदळतो आणि भुकटी तो गिळून दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. भुकटीच्या मिश्रणावर रंग ठरतो. ही भुकटी हळूहळू झिजते, थोडा पारा काचेत मुरतो, दोन्ही टोकांच्या तारांवरचा लेप उडून काचेवर बसतो, आणि आमच्या गिरगावातल्या ट्यूबची टोकं काळी पडायची ती यानेच. त्यातही निळा देणारा फॉस्फर लाल-हिरव्यापेक्षा आधी थकतो. घरातल्या ट्यूबला त्याने फारसं बिघडत नाही, कणकेचा डबा सापडला की झालं. पण प्रवाळाचं पोट त्या निळ्यावर चालतं. समुद्रात खाली जाल तसा लाल रंग पहिल्या काही मीटरांतच संपतो आणि निळा तेवढा खोल उतरतो. प्रवाळांची आणि त्यांच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाची सगळी घडण त्याच्यावर बेतलेली. शैवाल प्रकाशावर साखर करतं आणि प्रवाळ ती खातं. भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतो, असा तो मामला. प्रकाश कमी झाला की शैवालाची गर्दी वाढते आणि प्रवाळ तपकिरी दिसायला लागतं. माझा हिरवा माँटिपोरा (प्रवाळाचीच एक जात) गेल्या हिवाळ्यापासून काठाकडून गुळाच्या रंगाचा होत चालला होता आणि मी त्याचं खापर पाण्यावर फोडत होते. आई साबणावर फोडत होती, तसंच.

उलटही खूप चालतं, हेही सांगून टाकते. टँकमध्ये शेवाळ माजलं की लोक म्हणतात, ट्यूबा जुन्या झाल्या, रंग पिवळटला. माझं मत विचाराल तर दहातल्या आठ वेळा दोष खाण्याच्या डबीचा असतो. मासे तोंड उघडतात म्हणून आपण टाकत राहतो आणि पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खतच, वाढवून ठेवतो. ट्यूब बिचारी बोलत नाही.

मी एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे तराजूपासून थर्मामीटरपर्यंत प्रत्येक उपकरणावर एक चिठ्ठी असते: कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी. तारीख उलटलेल्या तराजूवर कुणी गोळी ठेवली तर त्याला मी स्वतः मेमो लिहिते. तराजू अगदी बरोबर दाखवत असला तरी. वीस वर्षं हे काम केल्यावर घरी येऊन ‘जळतायत ना’ म्हणणाऱ्या बाईला काय म्हणावं? आणि तारीख म्हणाल तर ट्यूबच्या पितळी टोकाजवळ मीच मार्करने लिहिलेली होती. ऑक्टोबर २०२२. पेटीच्या आत, जिथे कधी कुणी बघत नाही तिथे.

बरं, ही गोष्ट मला कुणी तरी फार पूर्वी शिकवली होती. लेक २००६ची. तिसऱ्या दिवशी तिची कावीळ वाढली आणि तिला निळ्या ट्यूबांखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि सगळी खोली निळी. माझे हात निळे, दुधाची बाटली निळी. फोनवर आई सांगत होती, कोवळ्या उन्हात धर गं तिला, आम्ही तेच करायचो. खिडकीबाहेर न्यू जर्सीचा जानेवारी. दुसऱ्या रात्री नर्स हातात छोटं मीटर घेऊन आली. बाळाच्या पोटाच्या उंचीवर धरलं, आकडा बघितला, मान हलवली आणि एक ट्यूब काढायला लागली. मी म्हटलं, ‘‘चालू आहे की ही.’’ तिने नुकतीच काढलेली ट्यूब आणि नवी ट्यूब शेजारी शेजारी लावून दाखवल्या. दोन्ही निळ्या. मला काडीचा फरक दिसला नाही. मग दोन्हींखाली मीटर धरलं. तिथे दिसला. जुन्या ट्यूबचे शंभर भरले होते.

ही काविळीची निळी ट्यूब आली कशी, हे मी पुढे वाचलं, तेव्हा आई आठवली होती. इंग्लंडात एसेक्समधलं रॉचफर्डचं हॉस्पिटल, १९५६चा उन्हाळा. तिथल्या वॉर्ड आडनावाच्या सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एका बाळाला त्यांनी डॉक्टरांना दाखवलं: सगळं अंग फिकट झालेलं, फक्त चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला तेवढा त्रिकोण पिवळाच. पुढे तिथल्याच डॉक्टरांनी निळ्या प्रकाशावर प्रयोग केले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. मला राहून राहून तो त्रिकोण दिसतो. शेजारी उघडं अंग नसतं तर त्या पिवळ्याला पिवळं म्हणायला कुणी धजलं असतं का? आईलाही एक डोळा जुना आणि एक नवा आहे म्हणून कळतंय. डिसेंबरात डावा झाला की तिलाही काही सांगता येणार नाही.

आम्ही राहतो ते गाव एडिसन. नाव १९५४ सालचं, बल्बवाल्या एडिसनवरूनच. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. क्रिस्टी स्ट्रीटवर त्याच्या नावाचा मनोरा आहे आणि मनोऱ्याच्या डोक्यावर काचेचा अवाढव्य बल्ब, साडेतेरा फुटांहून जास्त उंच. रविवारी आईला तिथे नेलं. गॉगल लावून तिने मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘हा गेला तर बदलायला चढतं कोण?’’ सोबत आलेले आमचे शेजारी, सुरतचे, हसले. मला हसू आलं नाही. घरी जाऊन पेटी उतरवायची होती आणि ते काम मी चार दिवस टाळत होते.

कारण एकदा हात पोळलेत. २०२० मध्ये, सगळे घरात बसलेले तेव्हा, मी एका शनिवारी हौसेने चारही ट्यूबा एकदम बदलल्या. त्याआधीच्या ट्यूबा दीड वर्षाच्या होत्या. घरभर लखलखाट, मीही आईसारखं ‘अगंबाई’ म्हटलं असेल. मंगळवारी माँटिपोराच्या वरच्या पाकळीवर फिकट कडा दिसली. गुरुवारी पाकळी पांढरी फटक. कमी प्रकाशाला सरावलेल्या शैवालावर अचानक एवढा मारा झाला की ते काम आवरेनासं होतं, पेशींत विषारी ऑक्सिजन साठतो, आणि प्रवाळ घाबरून आपल्याच अन्नदात्यांना घराबाहेर काढतं. उरते ती पारदर्शक कातडी आणि तिच्यातून दिसणारा चुन्याचा सांगाडा. समुद्र तापला की हेच होतं, फक्त तिथे कुणी शनिवारी शिडीवर चढलेलं नसतं. तो तुकडा वाचला नाही. बाकीच्यांनी दोन-अडीच महिन्यांत रंग धरला. ट्यूबा बदलण्यापेक्षा न बदललेल्या बऱ्या, असं मनाने तेव्हा कुठेतरी लिहून ठेवलं असणार. वीस महिन्यांमागे शंभर डॉलर होते तसा तो पांढरा तुकडाही होता.

यंदा आधी मीटर आणलं. प्रवाळवाल्यांच्या इथल्या मंडळात ते आठवड्याच्या भाड्याने मिळतं. लांब काठी, टोकाला बटणाएवढा सेन्सर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला आकडे. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश ते मोजतं. त्याला सगळे पार मीटर म्हणतात, आणि मराठी माणसाने याहून समर्पक नाव दिलं नसतं. ऑक्टोबर २०२२ ला नव्या ट्यूबा लावल्या तेव्हा वरच्या दगडावर २५५ आकडा आला होता. वहीत नोंद आहे. आता काठी त्याच दगडाला टेकवली. १५८. आई मागे उभी राहून बघत होती. ‘‘पास आहे का?’’ तिने विचारलं.

मग पेटी खाली घेतली आणि तिच्याखालचं ॲक्रिलिकचं झाकण काढलं. पाण्याचे बुडबुडे फुटून त्याचे तुषार वर उडतात, वाळतात आणि मीठ राहतं. त्यावर धूळ, त्यावर पुन्हा मीठ. बोट फिरवलं तर पापडखारासारखी पूड. व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्याने ते पुसलं, ट्यूबांमागचे आरशासारखे पत्रे पुसले, पेटी परत चढवली. १८१. म्हणजे तेवीस आकडे नुसत्या फडक्याने परत आले. ट्यूबा बदलायच्या आधी झाकण पुसा, एवढं साधं कुणी मला पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. सांगितलंही असेल. उरलेले चौऱ्याहत्तर मात्र ट्यूबांनी खाल्ले होते. तीस टक्क्यांच्या आतबाहेर. आणि रोज नऊ-दहा तास समोर बसून-वावरून मला ते दिसले नव्हते. लेकीने म्हटलं, फोनवर जुने फोटो असतील, ताडून बघू. बघितले. फोन शहाणा, तो प्रत्येक फोटोत आपल्या मनाने उजेड आणि रंग जुळवून घेतो. सगळे फोटो सारखेच सुंदर.

आईला या सगळ्यात एकच शंका होती. ‘‘पोवळं म्हणजे अंगठीतलं ना गं? मंगळाचं? त्याला कुठे लागतो लाइट?’’ गंमत म्हणजे तिचं बरोबर होतं. अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या एका वेगळ्याच जातीचं. ते कपारींत, गुहांत, अंधाऱ्या खोल पाण्यात वाढतं, त्याच्या अंगात शैवाल नसतं आणि उजेडाशी त्याचं घेणं-देणं नसतं. माझ्या टँकमधली मंडळी उन्हावर जगणारी. ‘‘म्हणजे हे मंगळाला चालायचं नाही,’’ ती म्हणाली आणि तिचा टँकमधला रस अर्धा कमी झाला. भारतात असा टँक ठेवायचा विचारही करता येत नाही, कारण २००१ पासून दगडी प्रवाळ वाघाच्या बरोबरीने, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे सांगितल्यावर थोडा परत आला. ‘‘वाघाच्या?’’ म्हणून तिने त्या गुळाच्या रंगाच्या माँटिपोराकडे जरा आदराने बघितलं.

लहानपणी माझ्यासाठी हे सगळं तारापोरवाला मत्स्यालयात होतं. गिरगावातून चालत जायचं, मरीन ड्राइव्हवरच्या उन्हातून एकदम आत शिरायचं, आणि काही क्षण नुसता काळोख आणि ओलसर खारट वास. मग एकेक चौकोन उजळायला लागायचा. अप्पा माशांपेक्षा वर बघायचे. चौकोनाच्या वरच्या कडेतून ट्यूबचं टोक दिसलं की मला दाखवायचे, ‘‘बघ, काळं पडलंय. बदलायला झाली.’’ सरकारी ट्यूबबद्दल त्यांचे नियम वेगळे होते.

नव्या ट्यूबा मिळवायलाही थोडं हिंडावं लागलं. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून साध्या टी-फाइव्ह ट्यूबा नव्याने बाजारात आणायला बंदी आलीय, पाऱ्यामुळे. अमेरिकेतही काही राज्यं त्याच वाटेवर आहेत. टँकसाठीच्या खास रंगांच्या अजून मिळतात, पण दुकानदार ‘अजून’वर जोर देतो. घट्ट पुठ्ठ्याच्या नळकांड्यांतून चार आल्या. आईने नळकांडी आधी मागून घेतली. लाटणी ठेवायला होतील म्हणाली.

एका आठवड्याला एक. असं ठरवलं आणि या वेळी पाळलं. पेटी चार इंच वर घेतली, दिवसाचे दोन तास कमी केले. पहिल्या शनिवारी तिसऱ्या नंबरची ट्यूब पाव वळसा फिरवून खट्कन सोडवली. दोन्ही टोकांना राखाडी वलयं, गिरगावची आठवण यावी अशी. नव्या ट्यूबशेजारी विझलेली धरली तर दोघी जुळ्या. नवी लावली, बटण दाबलं. आणि तेव्हा दिसलं. तीन जुन्या आणि एक नवी एकाच पेटीत: नवी गोकर्णाच्या फुलासारखी आणि शेजारच्या तिघी धुऊन धुऊन विटलेल्या. त्या तिघींना काल रात्रीपर्यंत मी निळ्या म्हणत होते. टँकमध्ये उजेडाचा एक पट्टा वेगळा पडला आणि त्या पट्ट्यातले झोअँथिड, प्रवाळांचे भाऊबंद, हिरव्या दिव्यांसारखे पेटले, बाजूचे तसेच. मी आईला हाक मारली. ती आली, एक डोळा झाकला, मग दुसरा. ‘‘या डोळ्याला काही फरक नाही,’’ ती डाव्याबद्दल म्हणाली, जरा ओशाळून, जणू तिचीच काही चूक होती.

तेव्हा मी तिला सांगून टाकलं, की त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी लाइट बदलले नव्हते.

‘‘माहितेय,’’ ती म्हणाली. ‘‘तू लहानपणीपासून लगेच ‘हो’ म्हणालीस की समजायचं.’’

चौथी ट्यूब लागली त्या शनिवारी पेटी खाली आली, तास पूर्ववत झाले आणि वरच्या दगडावर २४९ आला. माँटिपोराचा काठ अजून गुळासारखाच आहे. त्याला वेळ लागेल. जुन्या चार ट्यूबा गॅरेजात उभ्या केल्यात. काउंटीचा घातक कचरा गोळा करायचा दिवस येईल तेव्हा जातील, केराच्या डब्यात टाकायच्या नाहीत. आई त्यांच्याकडे जाता-येता बघते. ‘‘जळतायत ना गं अजून? एखादी देवघरात लाव.’’ मी म्हटलं, बाळकृष्ण निळा होईल. ‘‘तो आहेच,’’ ती म्हणाली. शेवटी एक तिने अप्पांसाठी न्यायचाही विषय काढला, पण चार फुटी काचेची नळी विमानात कशी न्यायची यावर तो मिटला.

कालनिर्णय ती दर वर्षी येताना आणते, निम्मं वर्ष उलटून गेलेलं असलं तरी. आमच्या फ्रिजशेजारी ते टांगलेलं असतं. गिरगावात त्याच्या चौकोनांत गॅस सिलिंडर लावल्याची तारीख असायची, दुधाचे खाडे असायचे, वाण्याचे पैसे. हल्ली तिच्या गोळ्या आणि फोन करायचे वाढदिवस असतात. चौथ्या ट्यूबच्या रात्री तिने माझ्याकडे मार्कर मागितला. ट्यूबच्या टोकावर मी तारीख लिहिली होती ते तिला पसंत नव्हतं. ‘‘पेटीत लिहून काय उपयोग? दिसायला नको?’’ पण कालनिर्णय २०२४चं, आणि पुढची बदली पुढच्या जुलैत. त्याला चौकोनच नव्हता. तिने पानं उलटून डिसेंबर काढला. एका चौकोनात आधीच तिच्या अक्षरात ‘डावा डोळा, उपाशी जाणे’ असं लिहिलेलं होतं. त्याच्या खाली, समासात, तिने चष्मा न लावता लिहिलं: ‘जुलै – ट्यूबा ४. आधी पुसणे.’ मग पेनाचं टोपण लावता लावता थांबली आणि ‘ट्यूबा ४’च्या पुढे कंसात ‘एकदम नाही’ असं घातलं.